चेनची खोळ, एअर प्युरिफायर आणि गादीसफाई सेवा : विक्रोळीच्या घरातील चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या घरी जून २०२४ पासून ॲलर्जी आटोक्यात ठेवण्यासाठी चार गोष्टींवर पैसे खर्च झाले. गाद्या-उशांना सर्व बाजूंनी बंद करणाऱ्या चेनच्या खोळी घेतल्या, हवा शुद्ध करणारे यंत्र म्हणजे एअर प्युरिफायर घेतला, घरी येऊन गाद्या साफ करून देणारी एक सेवा बोलावली आणि स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेलचा उपचार करून घेतला. चारही गोष्टी विकणाऱ्यांनी ‘ॲलर्जीवर उपाय’ हेच शब्द वापरले होते, परंतु प्रत्यक्षात सर्वाधिक गुण खोळींचा आला, प्युरिफायरचा उपयोग अपेक्षेपेक्षा वेगळ्याच कारणासाठी झाला आणि सफाईच्या सेवेने तर त्रास वाढवला. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. कापडाची वीण, चेनची जागा आणि गादीचे माप पाहून कोणालाही बाजारात निवड करता यावी, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात चौथ्या मजल्यावर राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी. मुलीला दोन वर्षे रोज पहाटे उठल्याबरोबर सलग पंधरा-वीस शिंका येत, दिवसभर नाक चोंदलेले असे आणि पावसाळा लागला की छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊन रात्री-अपरात्री नेब्युलायझर द्यावा लागे. शेजारच्या दोन इमारतींच्या पुनर्विकासाची धूळ हेच याचे कारण, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो. मे २०२४ मध्ये डॉक्टरांनी त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करून घ्यायला सांगितले. तिच्यासाठी काही दिवस आधी ॲलर्जीच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने बंद केल्या. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून अगदी वरवर टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली प्रत्येक गांध मोजतात. मुलीच्या हातावर सर्वांत मोठी गांध डस्ट माइटच्या थेंबाखाली उठली, त्याखालोखाल झुरळाच्या आणि एका बुरशीच्या थेंबाखाली. परागकणांच्या एकाही थेंबाने काही झाले नाही. या एका कागदामुळे आमची खरेदीची सगळी यादी बदलली, आणि ज्यांच्या घरी अशी चाचणी झालेली नाही त्यांनी यंत्रांवर पैसे घालण्यापूर्वी ती करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

डस्ट माइट हे कोळ्याच्या वर्गातले, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असे जीव आहेत. घरातल्या धुळीची ॲलर्जी प्रामुख्याने यांच्यामुळे होते हे नेदरलँड्समधील लायडन येथील व्होरहॉर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. माणसाच्या त्वचेचा झडणारा कोंडा हे त्यांचे अन्न. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणूनच हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली फार काळ राहिली तर ते तगत नाहीत. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ती ८० च्या आसपास असते, तेव्हा या शहरातली प्रत्येक गादी त्यांना मानवते यात नवल नाही. त्रास प्रत्यक्ष किड्यापेक्षा त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा अधिक असतो. या विष्ठेचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, म्हणजे तुलनेने जड. गादी झटकली, कूस बदलली, उशीवर डोके आपटले की ते उडतात आणि थोड्याच वेळात पुन्हा खाली बसतात. खोळ आणि प्युरिफायर यांच्यातल्या फरकाचे मूळ या कणांच्या वजनात आहे.

आता खोळींविषयी. पहिल्या वेळी आम्ही फसलो. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूवर ‘ॲलर्जीरोधक’ असे ठळक लिहिले होते, परंतु हाती आले ते इलॅस्टिक लावलेले, वरच्या बाजूने बसणारे, पाणी न झिरपणारे चादरवजा आच्छादन. गादीची खालची बाजू उघडीच राहिली. लहान मुलांच्या गादीखाली घालतात तसल्या प्लास्टिकच्या थरामुळे ते तापत असे, आणि रात्री कूस बदलली की कुरकुर वाजत असे. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारले, “गादीला कागद गुंडाळलाय का गं?” ते आच्छादन परत पाठवण्यासाठी तीन आठवडे पाठपुरावा करावा लागला. गादी सहाही बाजूंनी आत गेली पाहिजे आणि तीन बाजूंनी फिरणारी चेन बंद झाली पाहिजे, ही पहिली अट त्यातून कायमची लक्षात राहिली.

दुसऱ्या खेपेला कापड कोणते हे विचारून घेतले. चांगल्या खोळी दोन प्रकारच्या मिळतात. एकात साध्या कापडाला आतून पातळ प्लास्टिकसारखा थर चिकटवलेला असतो, तर दुसऱ्यात अतिशय बारीक धाग्यांची इतकी घट्ट वीण असते की थराशिवायच कण अडतात आणि हवा मात्र खेळते. माइटचे कण अडवण्यासाठी कापडातली छिद्रे १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत, आणि घरात मांजर असेल तर ६ मायक्रॉनच्या आतली, असा साधारण दंडक आहे. विक्रेत्याला हा आकडा विचारावा. ज्याने आकडा सांगितला त्याच्याकडून आम्ही घेतले. ज्या दोघांनी केवळ ‘मॅडम, एकदम बेस्ट क्वालिटी’ एवढेच उत्तर दिले त्यांचा विचार सोडला. मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखाली झोपणाऱ्यांनी घट्ट विणीचाच प्रकार घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. थराचा प्रकार स्वस्त पडतो, परंतु त्यावर पाठीला घाम धरतो, आणि घाम आला की मुले चादर आणि खोळ दोन्ही बाजूला सारतात.

चेनकडे आम्ही दुकानात लक्ष दिले नव्हते, ते घरी आल्यावर दिले. चेनचे दाते बारीक असावेत, तिच्या आतून कापडाची पट्टी शिवलेली असावी आणि जिथे चेन संपते त्या कोपऱ्यात फट राहू नये. आमच्या एका खोळीत त्या टोकाशी करंगळीचे टोक जाईल एवढे भोक होते. ते मी कापडी चिकटपट्टी लावून बंद केले. शिलाईच्या सुईची भोकेही उजेडासमोर धरून पाहावीत.

मापाची अडचण आपल्याकडे मोठी आहे. तयार खोळी ७२ बाय ३६, ७५ बाय ६०, ७८ बाय ७२ इंच अशा ठरलेल्या मापांत मिळतात, परंतु मराठी घरांतल्या अनेक गाद्या गादीवाल्याकडून कापूस भरून घेतलेल्या असतात आणि त्यांचे माप दिवाणाप्रमाणे ठरलेले असते. शिवाय कापसाची गादी वर्षभरात दबून चार इंचांची तीन होते. सैल खोळीत ती घरंगळते आणि घड्या पडून पाठीला रुततात. लांबी, रुंदी आणि जाडी ही तिन्ही मापे गादीवर कोणी झोपलेले नसताना घ्यावीत, जाडीत अर्धा इंच जास्त धरावा आणि तयार माप बसत नसेल तर मापाप्रमाणे शिवून देणाऱ्याकडे जावे. आमच्या दोन गाद्या फोमच्या आणि ठरलेल्या मापाच्या असल्याने त्यांचे काम सोपे झाले. मोठ्या गादीची खोळ ३,४०० रुपयांना, मुलीच्या गादीची २,१०० रुपयांना आणि चार उशांच्या खोळी मिळून १,६०० रुपयांना पडल्या. मोठ्या गादीला खोळ चढवायला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो, हेही आधीच ठाऊक असलेले बरे. चढवण्यापूर्वी गादी दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवावी. कोरडी खणखणीत झाल्याशिवाय ती बंद करू नये, कारण ओल आत कोंडली तर बुरशी धरेल.

खोळ घातली की काम संपते, हा समज मात्र दुकानदारांनी पसरवला आहे आणि तो चुकीचा आहे. त्वचेचा कोंडा खोळीच्या वर असलेल्या चादरीवर पडतच राहतो. म्हणून चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले पाहिजेत. कोमट पाण्यात किडे मरत नाहीत. ज्यांच्याकडे समोरून उघडणारे, आत हीटर असलेले वॉशिंग मशीन आहे त्यांना ६० अंशांची सोय मिळते. आमचे मशीन वरून उघडणारे, बिनहीटरचे आहे. त्यामुळे मी गीझरचे कढत पाणी मोठ्या टबात घेते, स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान पाहते, चादरी अर्धा तास बुडवून झाकून ठेवते आणि मग मशीनमध्ये टाकते. लहान मुले घरात असतील तर त्या टबाजवळून हलू नये. गडद रंगांच्या आणि जरीच्या चादरी या उपचारात टिकत नाहीत, म्हणून हिंदमाताच्या कापड बाजारातून साध्या पांढऱ्या सुती कापडाच्या सहा चादरी शिवून घेतल्या. खोळ स्वतः वर्षातून तीन-चार वेळा काढून धुतली तर पुरते, एरवी ती ओल्या फडक्याने पुसावी.

सासूबाईंची गोधडी हा आमच्या घरातला नाजूक विषय होता. त्यांच्या आईच्या दोन लुगड्यांची ती गोधडी आहे आणि नातीला त्याच गोधडीत घेऊन झोपवण्याची दोघींनाही सवय आहे. कढत पाण्यात तिचा रंग उतरला असता आणि टाके तुटले असते. तेव्हा मार्च ते मे या महिन्यांत दर पंधरवड्याला गच्चीवर काळ्या प्लास्टिकवर ती दुपारभर उलटीपालटी करून वाळवायची आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्यात हलक्या हाताने धुवायची, असे आम्ही ठरवले. कडक ऊन किड्यांना कोरडे करून मारते, परंतु त्यांनी आधीच मागे ठेवलेली प्रथिने उन्हाने जात नाहीत. ती पाण्यात विरघळतात म्हणून धुणे वेगळे लागते. पूर्वी वाड्यांत आणि चाळींत चैत्र-वैशाखात गाद्या उन्हात टाकून काठीने झोडपत, त्यामागे ही जाण नसेलही, पण ती रीत योग्य होती; फक्त झोडपण्याचे काम ॲलर्जी असलेल्या माणसाने करू नये. पावसाळ्यात ही सोय नाही. तेव्हा जून ते सप्टेंबर गोधडी कपाटात राहते आणि मुलगी सुती चादर पांघरते. मुलीच्या कापडी अस्वलाला मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी धुतो.

परिणाम काय झाला, हे मी जपून सांगते. पहिले पाच-सहा आठवडे फरक जाणवला नाही. ऑगस्टच्या मध्यापासून पहाटेच्या शिंका दोन-चारवर आल्या आणि २०२४ च्या संपूर्ण पावसाळ्यात नेब्युलायझर एकदाच लागला. त्याच काळात डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे आणि इनहेलर आम्ही एक दिवसही न चुकवता दिला, तेव्हा सगळे श्रेय खोळीला देणे खरे होणार नाही. संशोधनाचे निष्कर्षही संमिश्र आहेत. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांतला एक दमा असलेल्या ११२२ प्रौढांचा आणि दुसरा नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांचा होता. दोन्हींत केवळ खोळी घालून लक्षणांत फरक पडला नाही. याउलट २०१७ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी माइटची ॲलर्जी असलेल्या आणि दम्याच्या झटक्याने रुग्णालयात आलेल्या २८४ मुलांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात, खऱ्या खोळी मिळालेल्या मुलांपैकी सुमारे २९ टक्क्यांना झटक्यासाठी पुन्हा रुग्णालयात जावे लागले, तर दिखाऊ, म्हणजे दिसायला तशाच पण कण न अडवणाऱ्या खोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना. मूल लहान असेल, चाचणीत माइट आढळला असेल आणि खोळीसोबत कढत धुणे व ओल कमी करणे चालू असेल, तर हा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता मोठी आहे, असे माझे मत आहे. प्रौढ माणसाने केवळ खोळ घेऊन औषध सोडले तर निराशा पदरी येईल.

एअर प्युरिफायरसाठी आम्ही १३,५०० रुपये मोजले. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो हे खरे आहे आणि आमच्या यंत्रातला फिल्टरही तसाच आहे, परंतु फिल्टरपर्यंत जे पोहोचेल तेच तो अडवणार. माइटचे जड कण गादीवरून उडून पुन्हा गादीवरच बसतात आणि त्यांचा शिडकावा मुलीच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतो, तर यंत्र पाच फुटांवर कोपऱ्यात असते. खोळी येण्यापूर्वीचे दोन आठवडे यंत्र रात्रभर चालू होते आणि शिंका तसूभरही कमी झाल्या नव्हत्या. मात्र नोव्हेंबरात दिवाळीच्या दिवसांत आणि शेजारच्या इमारतीचे पाडकाम चालू असताना त्याचा उपयोग झाला. फटाक्यांचा धूर, डासांच्या अगरबत्तीचा धूर, बांधकामाची अतिसूक्ष्म धूळ हे कण हवेत तासन्‌तास तरंगतात आणि यंत्र ते खरोखर ओढून घेते. खिडक्या बंद करून लावले की सासूबाईंचा खोकला अर्ध्या तासात थांबत असे. धूर ही ॲलर्जी नव्हे, तो श्वासनलिकेला चिडवतो. पण आधीच सुजलेल्या नळीला तेवढेही पुरते. म्हणून देवघरातली उदबत्ती आता आम्ही गॅलरीत तुळशीपाशी लावतो, आणि हे सासूबाईंनी आपणहून सुचवले.

यंत्र घेणाऱ्यांनी शुद्ध हवेचा दर तासाचा आकडा पाहावा. आमची झोपण्याची खोली दहा बाय अकरा फूट आणि नऊ फूट उंचीची, म्हणजे सुमारे २८ घनमीटरची आहे. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी असे धरले तर १४० घनमीटरचे यंत्र लागते. खोक्यावर छापलेला आकडा सर्वांत जोराच्या वेगाचा असतो आणि त्या वेगात झोप लागत नाही, त्यामुळे दुपटीच्या जवळचे यंत्र घ्यावे. फिल्टर बदलायला आम्हाला २,८०० रुपये लागले, आणि रस्त्यालगतच्या घरात तो कंपनी सांगते त्यापेक्षा लवकर भरतो. ओझोन सोडणारे प्रकार मुळीच घेऊ नयेत.

सफाईच्या सेवेबद्दल मला तक्रारच करायची आहे. जुलै २०२४ मध्ये दोन तरुण मोठे यंत्र घेऊन आले. गादीवर ते फिरवून पारदर्शक भांड्यात जमलेली करडी धूळ त्यांनी दाखवली, आणि ती पाहून आम्ही १,२०० रुपयांच्या शाम्पूच्या धुलाईलाही होकार दिला. कोणत्याही गादीतून तशी धूळ निघतेच, त्यावरून ॲलर्जीचे काहीच सिद्ध होत नाही, हे नंतर कळले. धुतलेली गादी भर पावसाळ्यात दोन दिवस ओलसर राहिली, तिला कुबट वास आला आणि त्या आठवड्यात मुलीची छाती पुन्हा वाजू लागली. ती गादी आम्ही एसी लावून, पंख्याखाली उभी करून वाळवली आणि मगच खोळ पुन्हा चढवली. गादी ओली करणारी कोणतीही सेवा मुंबईत जून ते सप्टेंबर घेऊ नये. धूळ ओढून घेणारी कोरडी सफाई करून घ्यायची असेल तर यंत्राला हेपा फिल्टर आहे का हे विचारावे आणि त्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावे. घरच्या घरी तर झाडूपेक्षा ओल्या फडक्याने फरशी पुसणे उत्तम, आणि छताच्या पंख्याची पाती उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून पुसली की धूळ खाली सांडत नाही.

झुरळांच्या जेलची सेवा मात्र चोख होती. स्वयंपाकघर रिकामे करावे लागले नाही. बिजागऱ्या, सिंकखालचा कोपरा आणि फ्रिजची मागची बाजू अशा ठिकाणी डाळीएवढे ठिपके लावून माणूस अर्ध्या तासात गेला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहून गेला. त्याने दिलेली सूचना महत्त्वाची होती: जेल लावल्यावर त्या जागी फवारा मारायचा नाही, कारण मग झुरळे ते खात नाहीत. झुरळे मेल्यानंतरही त्यांच्या विष्ठेतले आणि कवचातले घटक महिनोन्‌महिने राहतात, म्हणून कप्पे साबणाच्या पाण्याने पुसून काढण्याचे काम आपणच करायचे असते. आमच्या ओळीतल्या चारही घरांनी एकाच दिवशी उपचार करून घेतल्याने तो टिकला.

ओलीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. लोहार चाळीतून चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणला. जुलैत खिडक्या उघड्या असताना तो ८४ ते ८८ दाखवतो आणि रात्री एसी लावून दार बंद केले की ५८ पर्यंत उतरतो. ५० चा आकडा आमच्या घरी पावसाळ्यात एकदाही दिसला नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर दर वर्षी बुरशीचे काळे ठिपके येत. वरच्या मजल्यावरची गळती सोसायटीने यंदा एप्रिलमध्ये दुरुस्त केली, त्यानंतरच ते थांबले. त्यापूर्वी दोनदा रंग लावून पाहिला होता, तो पैसा वाया गेला. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवल्याने मात्र मागे हवा खेळू लागली.

घराबाहेरचे थोडक्यात सांगते, कारण मुलीची ॲलर्जी मुख्यतः घरातली आहे. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी धूळनियंत्रणाचे नियम काढले, आणि आमच्या शेजारच्या जागेवर हिरवे कापड व पाण्याचा फवारा दिसतो तो सोसायटीने पत्र दिल्यानंतरच. शाळेत जाताना त्या रस्त्यावरून ती एन ९५ मास्क लावते. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी, आणि लहान मुलांच्या मापाचा शोधायला आम्हाला चार दुकाने फिरावी लागली. गॅलरीत कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावून घेतली, ती वर्षभरात एकदाही सैल झाली नाही. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणारा फुप्फुसाचा आजार नेहमीच्या शिंकांच्या ॲलर्जीहून वेगळा आणि अधिक गंभीर असतो. सुकलेली विष्ठा झाडूने कधीही झाडू नये, पाण्याने पूर्ण भिजवून, मास्क लावून पुसावी.

प्रवासात या सगळ्याची खरी परीक्षा होते. गणपतीला आम्ही कुडाळजवळच्या गावी जातो. घर वर्षभर बंद, माळ्यावर रचून ठेवलेल्या कापसाच्या गाद्या, आणि भाद्रपदातला पाऊस. गेल्या वर्षी दीरांना आधी फोन करून विनंती केली की साफसफाई आम्ही येण्याच्या किमान एक दिवस आधी व्हावी आणि मुलीसाठी गादी काढूच नये. तिला माजघरात चटईवर दुहेरी सुती चादर टाकून झोपवले. चटईत किड्यांना राहायला गादीइतकी जागा नसते आणि ती सकाळी ओल्या फडक्याने पुसता येते. उशी घरून खोळीसकट नेली. मोठ्या जाऊबाईंना सुरुवातीला हे पाहुणचारात उणे वाटले, पण सात दिवसांत मुलगी एकदाही रात्री उठली नाही हे पाहून त्यांनी आपल्या नातवासाठी खोळीचे माप विचारून घेतले. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातली चादर धुतलेली असते, परंतु घोंगडी किमान महिन्यातून एकदा धुतली जाते असे खुद्द रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. म्हणून आम्ही घरची पातळ शाल नेतो आणि घोंगडी परत करतो. इनहेलर व त्याला जोडायची नळी म्हणजे स्पेसर माझ्या पर्समध्ये असतात, सामानाच्या बॅगेत कधीच नाही. हॉटेलात खोली ठरवताना गालिचा नसलेली मागावी, बहुतेक ठिकाणी मिळते.

चौदा महिन्यांनंतर मोठ्या गादीची खोळ शाबूत आहे. मुलीच्या खोळीची चेन मात्र गेल्या महिन्यात एका टोकाला निसटली. विक्रेत्याने वर्षाची हमी संपल्याचे सांगितले आणि आमच्या गल्लीतल्या शिंप्याने दीडशे रुपयांत नवी चेन बसवून दिली. धुलाईने कापड विरले आहे का हे मी उजेडासमोर धरून पाहिले, तसे दिसले नाही. कमी पैशांत सुरुवात करायची असेल तर आधी उशीची खोळ घ्यावी, मग रुग्णाच्या गादीची, त्यानंतर झुरळांचा उपचार. प्युरिफायर या सगळ्यानंतर. सासूबाईंच्या दिवाणाची कापसाची गादी ७० बाय ३४ इंचांची आणि साडेतीन इंच जाडीची भरली आहे. तिच्यासाठी घट्ट विणीची खोळ मापाप्रमाणे शिवायला टाकली असून ती पुढच्या आठवड्यात मिळेल.